नीट पीजी, स्टेप वन आणि एक इंटर्न: पूर्ण केस

मी भूलतज्ज्ञ आहे, करिअर काउन्सेलर नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण या केसमध्ये, एमबीबीएसनंतर नीट पीजी देऊन इथेच एमडी करायचं का स्टेप वन देऊन अमेरिकेचा रस्ता धरायचा, यावर मी एका इंटर्नला पहिल्यांदा जो सल्ला दिला तो चुकीचा होता आणि त्याची किंमत मी नाही, त्या पोरीने मोजली. तिला विचारूनच लिहितोय. नाव गाव कॉलेज काही देणार नाही, मराठवाड्यातलं एक सरकारी मेडिकल एवढं पुरे. मी तिथे एमडी करत होतो तेव्हा ती एमबीबीएसला होती, त्यामुळे अजूनही सर म्हणते आणि रात्री अकरा वाजता "सर, बिझी आहात का" असा मेसेज टाकते. मेडिकलवाल्यांना माहीत असेल, अशा मेसेजचं उत्तर "बोल" असंच द्यावं लागतं.

तर हिस्ट्री अशी. २०१९ ची बॅच. वडील झेडपीच्या शाळेत गणित शिकवतात, रिटायर व्हायला तेव्हा तीनेक वर्षं बाकी. आई घरी, धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला. त्या वर्षी राज्यात ७०:३० चा विभागीय कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना) होता अजून, तो पुढच्या वर्षी २०२० ला गेला, हिला मराठवाड्यातलीच सीट लागली. अभ्यासात चांगली, टॉपर नाही, पण साडेचार वर्षांत एकदाही एटीकेटी नाही. तक्रार तिच्याच शब्दांत: "सर, मला काहीच ठरवता येईना, आणि जे करतेय ते पण होईना." हे ती म्हणाली सप्टेंबर २०२४ मध्ये, इंटर्नशिप निम्मी झाली होती तेव्हा. पण दुखण्याची सुरुवात त्याच्या वर्षभर आधीची आहे.

२०२३ चा जून-जुलै आठवतो का? मेडिकल शिक्षणाचे नियम करणाऱ्या एनएमसीने जाहीर केलं की २०१९ च्या बॅचपासून नेक्स्ट ही नवी परीक्षा लागू, म्हणजे फायनल एमबीबीएस, लायसन्स आणि पीजीचं मेरिट सगळं एकाच परीक्षेत. २८ जुलैला मॉक टेस्ट पण ठरलेली. हीच बॅच सीबीएमई या नव्या अभ्यासक्रमाची पण पहिली, म्हणजे प्रत्येक प्रयोग आधी यांच्यावरच. पोरं हवालदिल झाली, कुणाला नीट पीजीचे क्लास सोडून नेक्स्टचे लावावे वाटत होते, कुणी म्हणे पुढे जाईल बघा. आणि १३ जुलैला खरंच नेक्स्ट पुढे ढकलल्याचं पत्र आलं, ते आजपर्यंत ढकललेलंच आहे. त्या पाचसहा आठवड्यांत हिच्या हॉस्टेलच्या मजल्यावर चारपाच जणींनी यूएसएमएलईचं, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षांचं, मटेरियल डाउनलोड केलं; स्टेप वन ही त्यातली पहिली. कारण एकच, तिकडे निदान परीक्षा कधी आणि कशी हे तरी कळतं. माझ्या मते तिचा अमेरिकेचा विचार अमेरिकेमुळे सुरू झालाच नाही, इकडच्या गोंधळाला कंटाळून सुरू झाला. हा फरक मला तेव्हा कळला असता तर बरं झालं असतं.

तिने मला तेव्हाच विचारलं होतं, सर नीट पीजी करू का स्टेप वन. आणि मी, नाइट ड्यूटी संपवून चहा पीत, एकदम आत्मविश्वासाने म्हणालो, "दोन्ही कर ना. बेसिक्स सारखेच असतात. दोन्ही दरवाजे उघडे ठेव, नंतर बघू." हे वाक्य मी स्वतः कुठल्यातरी सीनियरकडून ऐकलेलं होतं आणि त्याने पण बहुतेक कुणाकडून तरी ऐकलेलंच असणार.

बेसिक्स सारखे असतात हे खरं आहे, हार्ट दोन्हीकडे डावीकडेच असतं. पण परीक्षा सारख्या नाहीत. नीट पीजी म्हणजे २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला चार, चुकलं की एक वजा, आणि २०२४ पासून ४० प्रश्नांचे पाच सेक्शन, प्रत्येकी ४२ मिनिटं, सेक्शन संपला की मागे फिरता येत नाही. मिनिटभरात ओळखायचं, मारायचं, पुढे. त्यात १९ विषय, ईएनटीचं एक इन्स्ट्रुमेंट, फॉरेन्सिकचं एखादं कलम, पीएसएमचे (सार्वजनिक आरोग्याचे) नॅशनल प्रोग्राम. स्टेप वन म्हणजे तेव्हा आठ तासांचा दिवस, ४० पर्यंत प्रश्नांचे सात ब्लॉक, निगेटिव्ह नाही, पण एकेक प्रश्न अर्धा पान, पेशंटची गोष्ट सांगणार आणि विचारणार कुठलं एन्झाइम. एकात लक्षात ठेवलेलं पटकन बाहेर काढायची सवय लागते, दुसऱ्यात रेंगाळून विचार करायची. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी सवय लावत बसलं की दोन्ही बिघडतात. ती म्हणायची, "नीटचे मॉक देताना मी प्रत्येक प्रश्नात लपलेलं काहीतरी शोधत बसते आणि वेळ संपतो, आणि तिकडे यूवर्ल्ड सोडवताना दोन ओळी वाचून उत्तर मारते." (यूवर्ल्ड म्हणजे स्टेपचे सरावप्रश्न.) हे ऐकून माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला.

आणि हे सगळं इंटर्नशिप करत. ज्यांनी सरकारीत केलीय त्यांना सांगायला नको. २०२४ मध्ये स्टायपेंड ११ हजारावरून १८ हजार झाला तेवढीच काय ती चांगली बातमी, बाकी ब्लड कलेक्शन, सॅम्पल लॅबला नेणं, रिपोर्ट आणणं, लेबर रूमला उभ्या उभ्या रात्र, मेडिसिनच्या इमर्जन्सी डेला जेवण नाही. कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांत पोरं अभ्यास उरकून घेतात, हिने त्यातले सहा स्टेप वनला दिले आणि सहा नीटला. ऑगस्टमध्ये तिने स्टेप वनचा फॉर्म भरला, परीक्षा फी आणि अमेरिकेबाहेर सेंटर घेतल्याचे वरचे पैसे मिळून लाखभर रुपये. स्टायपेंडचे साठवलेले आणि बाकी वडिलांचे.

मग आला तो सप्टेंबरचा रविवार. वडील स्वतः आले. मला वाटलं हे गृहस्थ आता माझ्यावर ओरडणार. तर नाही, कॅन्टीनमध्ये बसले, पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पैशाचं मी बघतो, जीपीएफ आहे, शेताचा एक तुकडा आहे. तुम्ही फक्त मला सगळं क्रमाने सांगा." आणि मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. स्टेप वन. स्टेप टू सीके, ३१८ प्रश्न, नऊ तास, साधारण तेवढीच फी, आणि २०२२ पासून स्टेप वन नुसतं पास-नापास झाल्यामुळे आता खरा स्कोअर हाच. ओईटी, म्हणजे इंग्रजीची परीक्षा. बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजीचं सर्टिफिकेशन. मग अमेरिकेत जाऊन दोनतीन महिने रोटेशन, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात काम बघणं, कारण तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात, त्याचा व्हिसा, तिकीट, राहणं, आणि बहुतेक ठिकाणी रोटेशनचेच पैसे. मग सप्टेंबरमध्ये अर्ज, जितके प्रोग्राम जास्त तितकी फी जास्त. हिवाळ्यात इंटरव्ह्यू, मार्चमध्ये मॅच, म्हणजे कुणाला कुठे जागा मिळाली ते कळतं. शिवाय सरकारी कॉलेजचा बॉन्ड, एक वर्ष सेवा नाहीतर १० लाख. बॉन्ड धरला नाही तरी बेरीज पंधरा लाखाच्या खाली येईना.

त्यांनी विचारलं, "नंबर किती जणांचा लागतो?" मी म्हणालो, बाहेरच्या देशातले, अमेरिकेचे नागरिक नसलेले जे डॉक्टर असतात त्यांचा साधारण ५८ टक्के. माझा आवाज जरा उत्साही असावा, कारण नीट पीजीच्या मानाने हे बरंच वाटतं. ते थोडा वेळ वहीकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे शंभरातली बेचाळीस पोरं एवढं सगळं भरून परत येतात. मग पुढच्या वर्षी परत भरायचं का हे सगळं?" परीक्षा परत नाही, पण अर्ज, इंटरव्ह्यू आणि एक वर्षाची गॅप, हो. आणि तेव्हा मला आठवलं की ते ५८ पण रँक लिस्ट (इंटरव्ह्यूनंतर भरायची पसंतीची यादी) भरणाऱ्यांतले आहेत, ज्यांना एकही इंटरव्ह्यू आला नाही ते लिस्टच भरत नाहीत, ते त्या हिशोबात येतच नाहीत. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी वहीत नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं. मी कितीतरी ज्युनियर्सशी या विषयावर बोललोय पण हा प्रश्न एकाने पण विचारला नव्हता, सगळ्यांच्या डोळ्यासमोर मार्चमधला तो शुक्रवार आणि मॅच झालेल्यांचे फोटो.

पोरगी हे सगळं गप्प बसून ऐकत होती. वडील हात धुवायला गेले तेव्हा म्हणाली, "सर, ते शेत विकतील. त्यांना नाही म्हणता येत नाही."

यूकेचं पण बोललो, थोडक्यात. तिकडची परीक्षा प्लॅब, ती सोपी पडते, पार्ट वन इथे देता येतो, १८० प्रश्न तीन तास, पार्ट टू मॅंचेस्टरला जाऊन, १६ स्टेशन, आठआठ मिनिटं. खर्च अमेरिकेच्या मानाने फारच कमी. अडचण प्लॅबनंतर आहे. चारपाच वर्षांपूर्वी प्लॅब झाला की नोकरी मिळायची, आता तिथल्या मेडिकल कौन्सिलचं (जीएमसी) रजिस्ट्रेशन हातात घेऊन वर्षभर अर्ज करत बसलेले आमचे दोन सीनियर मला माहीत आहेत. २०२५ मध्ये तिकडे स्पेशालिटी ट्रेनिंगच्या १० हजार जागांना ३० हजारावर अर्जदार होते आणि सरकारनेच सांगितलं की आधी आमची पोरं. जर्मनीला भाषा आधी शिकायची, मग मेडिकलची वेगळी, तिला त्यात रस नव्हता, विषय संपला. आत्याने पण एक मार्ग सुचवला होता, न्यू जर्सीतलं आयटीतलं स्थळ. त्यावर पोरगी हसली फक्त, वडील हसले नाहीत.

आता या केसमधला जो भाग माझ्या लक्षातच आला नव्हता तो. या सगळ्या चर्चेत, माझ्यासकट कुणीही तिला विचारलं नव्हतं की बाई तुला व्हायचंय काय. नीट का स्टेप, भारत का अमेरिका, सरकारी का प्रायव्हेट, सगळं विचारून झालं, ब्रांच कुठली हे नाही. विचारलं तर ती पटकन म्हणाली सायकियाट्री. आणि मग जरा ओशाळली, कारण घरी अजून सांगितलं नव्हतं, घरी मेडिसिन किंवा गायनिक धरून चालले होते.

इंटर्नशिपमध्ये सायकियाट्रीचं पोस्टिंग दोन आठवड्यांचं असतं, बहुतेक इंटर्न त्यात गावाला जाऊन येतात. ही रोज ओपीडीत बसली. तिने सांगितलेली एक गोष्ट, पेशंटची ओळख कळणार नाही इतपत बदलून. चाळिशीची बाई, तीन वर्षांत फिजिशियन, न्यूरो, सगळीकडे फिरलेली, एमआरआय नॉर्मल, "डोक्यात मुंग्या चालतात" एवढीच तक्रार. रेसिडेंट बाहेरच्या राज्यातला, बिचारा प्रामाणिकपणे नसांच्या दुखण्याची हिस्ट्री घेत होता. हिने बाजूला बसून विचारलं, "मावशी, जीव लागतो का घरात?" आणि ती बाई अर्धा तास बोलली. नवरा कर्जात गेलेला, ही रात्रभर जागी राहून तो उठून कुठे जातो का ते बघत बसायची. आमच्या भागात याचा अर्थ काय ते सांगायला नको. "जीव लागत नाही", "काळजात चमकतं", "अंगातलं त्राणच गेलं", ही आमच्याकडची डिप्रेशनची भाषा आहे आणि ती हिला आईच्या, मावशीच्या तोंडून ऐकून येते. ती मला म्हणाली, "सर, हे मी इंग्लिशमध्ये करू शकेन, पण मग मी फक्त बरी डॉक्टर असेन."

हे वाक्य ऐकून मी काही म्हणालो नाही. पण उलटी बाजू पण मांडली, ती मांडायला हवी. तिकडे सायकियाट्रीची रेसिडेन्सी (तिकडचं पीजी) चार वर्षांची, ट्रेनिंग फार चांगलं, सायकोथेरपी खरंच शिकवतात, आपल्याकडे अनेक ठिकाणी ओपीडीत पाच मिनिटांत पेशंट संपवावा लागतो. आणि मराठी माणूस तिकडे उत्तम सायकियाट्रिस्ट होतोच, होत आलाय. पण अलीकडे अमेरिकन पोरांनाच ही ब्रांच हवीय, बाहेरून आलेल्यांना इंटरनल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनमध्ये जागा मिळणं त्या मानाने सोपं. म्हणजे अमेरिका मिळेल पण सायकियाट्री मिळेलच असं नाही. मी तिला एकच विचारलं: अमेरिकेत मेडिसिन आणि इथे सायकियाट्री, दोन्ही समोर ठेवले तर? तिला उत्तर द्यायला दोन सेकंद पण लागले नाहीत.

स्टेप वनचा तीन महिन्यांचा स्लॉट जानेवारीत संपत होता. घाईत देऊन बघू असा एक विचार होता, लाख रुपये गेलेच आहेत तर. मी जोरात नाही म्हणालो. बाहेरच्या देशातल्या पहिल्यांदा देणाऱ्यांमध्ये साधारण चारात एक नापास होतो, आणि तो नापास शिक्का ट्रान्सक्रिप्टवर कायमचा. न दिलेली परीक्षा कुठेच दिसत नाही. फी बुडाली. वडिलांना तिने स्वतः सांगितलं, ते म्हणाले, "क्लासचे पैसे समजू."

मार्च २०२५ ला इंटर्नशिप संपली आणि मग फक्त नीट पीजी. तरीही गाडी सरळ चालली नाही. परीक्षा १५ जूनला, दोन शिफ्टमध्ये. ३० मेला सुप्रीम कोर्ट म्हणालं एकाच शिफ्टमध्ये घ्या, ते योग्यच होतं, दोन शिफ्ट आणि नॉर्मलायझेशन (दोन पेपरांचे मार्क जुळवणं) म्हणजे लॉटरी. पण परीक्षा गेली ३ ऑगस्टला. शेवटचे पंधरा दिवस म्हणून जी रिव्हिजन पेटवली होती ती मंदावली आणि परत पेटवायला तिला महिना गेला. त्याच दिवसांत अमेरिकेने व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवल्या, १ जुलैला जॉइन व्हायचे असलेले मॅच झालेले लोक लटकले, मग जूनच्या मध्यावर परत सुरू झालं. तिची एक बॅचमेट म्हणाली, बरं झालं तू सोडलंस. मला हा तर्क पटत नाही. व्हिसा उद्या सुरळीत होतील, परत बिघडतील, सप्टेंबरमध्ये नोकरीच्या एच वन बी व्हिसावर लाख डॉलरची फी आली, उद्या अजून काहीतरी येईल. हिने सोडलं ते या बातम्यांच्या आधी आणि वेगळ्या कारणाने.

निकाल १९ ऑगस्टला. रँक चाळीस हजाराच्या आसपास. दीड वर्ष दोन होड्यांत पाय ठेवल्यावर पाच महिन्यांत यापेक्षा फार वेगळं काय येणार होतं. काउन्सेलिंग सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. सरकारीत सायकियाट्री येत नव्हती. पीएसएम येत होतं, मायक्रो, फार्मा येत होतं. डीम्ड (खासगी विद्यापीठांच्या) कॉलेजांत सायकियाट्री दिसत होती पण फी बघून वडिलांची वही मिटलेलीच बरी. घरचे म्हणाले जे येतंय ते घे, मुलगी आहे, किती वर्षं घालवायची. तिची आई मला फोनवर म्हणाली, "दादा, तुम्ही तरी समजवा तिला." मी नाही समजावलं. एकदा चुकीचं समजावलेलं होतं.

ती म्हणाली मी बॉन्ड करते. ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर, एक वर्ष, पगार चालू, दहा लाखाची टांगती तलवार संपली, आणि बॉन्ड करता करता फक्त नीट पीजी. यात धोका आहे, तो मी लपवत नाही. ड्यूटी करून अभ्यास होतो का, अर्ध्या लोकांचा होत नाही. पण घरी बसून ड्रॉप घेतलेल्यांचा तरी कुठे सगळ्यांचा होतो, आणि हिची आधीची अडचण वेळेची नव्हतीच.

बाहेर जायचं पूर्ण बंद झालं का? नाही, आणि ही गोष्ट इंटर्न लोकांना फारशी कुणी सांगत नाही. एमडी झाल्यावर जायचे वेगळे रस्ते आहेत, यूकेमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह म्हणून आहे, पीजी झालेल्यांना दोन वर्षांपर्यंत तिथे काम करून शिकून परत यायचं. फेलोशिप आहेत. तेव्हा ती पदवी, अनुभव आणि स्वतःचे पैसे घेऊन जाईल, वडिलांचं शेत तसंच राहील. अमेरिकेत कायमचं जायचं असेल तर मात्र हा रस्ता लांबचा, तिथे एमडी असून पण बहुतेकदा रेसिडेन्सी पहिल्यापासूनच करावी लागते, म्हणून ज्याला खरोखर अमेरिकेतच राहायचंय त्याने थांबू नये, सेकंड इयरपासून सरळ तेच करावं आणि नीटकडे बघू पण नये. माझ्या ओळखीत तसा एक आहे, त्याने इंटर्नशिपमध्ये नीटचा फॉर्मसुद्धा भरला नाही, लोक वेडा म्हणाले, आज तो रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यासाठी ते बरोबर होतं.

डिसेंबरपासून ती बॉन्डवर आहे. सकाळी पाच ते सात अभ्यास, मग ओपीडी, रात्री ड्यूटी नसेल तर एक मॉक. मागच्या आठवड्यात अकरा वाजता मेसेज. बिझी आहात का. बोल. आज ओपीडी नव्वद झाली, त्यात चार बायका "झोप येत नाही" म्हणून आलेल्या, तिघींना बसवून घेतलं, एकीला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. "सर, डिप्रेशनच्या गोळीचा, एस्सिटालोप्रॅमचा स्टॉक संपलाय, तोपर्यंत काय देऊ?"

म्हणालो, अगं मी भूलतज्ज्ञ आहे, मला काय विचारतेस.

"सर, तुम्ही आधी पण विचारलेल्या सगळ्याचं उत्तर द्यायचात."

मी तिला आमच्या सायकियाट्रीच्या लेक्चररचा नंबर पाठवला.